शाळेचा उंबरठा आणि संविधान

जून महिना उजाडला की कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेत बी-बियाणे व खतांच्या बरोबरीने वह्या, दप्तरे आणि गणवेश यांची विक्री सुरू होते. घनसावंगी तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर घेऊन येथे येतो आणि परतताना मुलांच्या शाळेचे सामान घेऊन जातो. पेढीवरील व्यापारी त्या दिवसांत पाटीपासून पेरणीपर्यंत सर्व व्यवहारांची नोंद चोख ठेवतो.

मुलाचे नाव शाळेत घालताना मात्र तोच व्यापारी अर्जावर सही करतो, पावती घेतो आणि व्यवहार संपला असे मानतो. वस्तुतः त्या अर्जामागे आणखी एक करार उभा असतो. तो देशाच्या संविधानाने त्या मुलाशी केलेला असतो. जी.एस.टी.चा दर बदलला तर तो दुसऱ्या दिवशी ठाऊक असतो. पण मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला आहे काय, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. हे हक्क कोठून आले, न्यायालयांनी ते कसे राखले आणि गावातील पालकाने ते कसे मागावेत, हे प्रत्येक घराने जाणून घेणे अगत्याचे आहे. जैन समाज शाळा चालविणाराही आहे. म्हणून या हिशेबाला येण्याबरोबर देण्याचीही बाजू आहे.

गायल्याबद्दल शिक्षा, न गायल्याबद्दल शिक्षा

१९४८ पूर्वी हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. संस्थानी अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, म्हणून त्यांचे शिक्षण पुढे चालले. त्या मुलांजवळ धैर्य होते, पण मूलभूत हक्क नव्हते. त्यामुळे हक्काने दाद मागावी असे एकही दार त्यांना संस्थानात उघडे नव्हते. दुसऱ्या प्रांतातील विद्यापीठाचे औदार्य एवढाच त्यांचा आधार होता.

यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी केरळात याच्या उलट घटना घडली. जुलै १९८५ मध्ये तेथील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु पंथाच्या श्रद्धेनुसार ते गात नसत. उच्च न्यायालयात त्यांना अपयश आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात निर्णय दिला की, ही हकालपट्टी अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आणि अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा भंग करते. मुलांना शाळेत परत घ्यावे लागले.

एके ठिकाणी गाण्याबद्दल, दुसऱ्या ठिकाणी न गाण्याबद्दल मुले शाळेबाहेर गेली. दुसऱ्या घटनेतील मुले परत येऊ शकली, कारण मधल्या काळात २६ जानेवारी १९५० हा दिवस येऊन गेला होता. हे प्रकरण परपंथीयांचे म्हणून जैन वाचकाने बाजूला ठेवण्यासारखे नाही. ज्या समाजाची संख्या गावागणिक चार-दोन घरांची असते, त्याच्या मुलांना बहुसंख्यांच्या शाळेत आपले आचार सांभाळून बसता यावे, याची हमी याच तत्त्वात आहे.

अर्थात हे स्वातंत्र्य अमर्याद नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहूनच ते मिळते, आणि मर्यादा नेमकी कोठे आखावी यावर न्यायमूर्तींमध्येही मतभेद होतात. कर्नाटकातील हिजाबच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे गेले. वाद कठीण असले तरी ते मांडायला जागा आहे, हे महत्त्वाचे.

देवळालीचा खटला

महाराष्ट्राच्या भूमीत घडलेला एक निकाल आज फारसा कोणाला आठवत नाही. नाशिकजवळ देवळाली येथे बार्न्स हायस्कूल ही बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची इंग्रजी माध्यमाची अनुदानित शाळा होती. ६ जानेवारी १९५४ रोजी तत्कालीन मुंबई सरकारने आदेश काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरचे नागरिक यांखेरीज कोणाही मुलास प्रवेश देऊ नये. प्रवेश मागणाऱ्यांत एका भारतीय ख्रिस्ती सैन्याधिकाऱ्याची मुलगी होती, तिची मातृभाषा इंग्रजी. आणि एका डॉक्टरांचा मुलगा होता, त्याची मातृभाषा गुजराती. दोघांनाही शाळेला नकार द्यावा लागला.

पालक आणि संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने फेब्रुवारीत त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सरकारने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी ते फेटाळले. सरकारचे म्हणणे असे होते की, अनुच्छेद २९(२) चे संरक्षण केवळ अल्पसंख्याकांसाठी आहे आणि या आदेशामागील हेतू राष्ट्रीय भाषेच्या प्रसाराचा आहे. न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. शासकीय किंवा अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारला न जाण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे. आणि हेतू चांगला असला तरी आदेशाचा परिणाम हक्क हिरावणारा असेल तर तो टिकत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आदेश जानेवारीत निघाला आणि नवीन शैक्षणिक वर्षापूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द आला. घरात मारवाडी, गुजराती वा कच्छी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या पिढ्या अनुदानित शाळांत निर्धास्तपणे शिकल्या. त्या निर्धास्तपणाला देवळालीच्या दोन मुलांच्या खटल्याचाही आधार आहे.

मोहिनी जैन ते अनुच्छेद २१-क

शाळेत भेदभाव न होण्याचा हक्क १९५० पासून होता. शाळा मिळण्याचा हक्क मात्र पुष्कळ उशिरा आला. त्याचा आरंभ ज्या खटल्याने झाला त्याला जैन आडनाव आहे. मेरठच्या मोहिनी जैन यांना कर्नाटकातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात वर्षाला ६०,००० रुपये शुल्क सांगण्यात आले. तेथे शासकीय कोट्यातील विद्यार्थ्याला २,००० रुपये पडत होते. ३० जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जीविताच्या हक्कातच शिक्षणाचा हक्क सामावलेला आहे. पुढील वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी या विधानाला मर्यादा घातली: चौदा वर्षांपर्यंत हा मूलभूत हक्क होय, त्यापुढे राज्याच्या आर्थिक क्षमतेप्रमाणे.

२००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण देणे हे तेव्हापासून शासनाचे बंधनकारक देणे झाले. त्याच घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये पालकांचे कर्तव्यही नोंदविले आहे.

हा हक्क कमी करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात अलीकडेच झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवाव्यात, अशी कायद्याची तरतूद आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. कुंभार पिंपळगावसारख्या गावाच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता. जिल्हा परिषदेची शाळा गावातच असते. म्हणजे तेथील खासगी शाळेचे दार हमालाच्या किंवा शेतमजुराच्या मुलासाठी बंद. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या बदलास स्थगिती दिली, १९ जुलै रोजी तो रद्द केला आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

कायद्याने काय मागता येते

या अधिनियमातील काही कलमे पालकाने पाठ करावीत अशी आहेत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही नकार देता येत नाही (कलम १५). देणगी घेता येत नाही, मुलाची वा पालकाची चाचणी घेता येत नाही (कलम १३). प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६). शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे (कलम १७). शाळा बदलायची असल्यास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला आला नाही या सबबीवर नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही (कलम ५).

या शेवटच्या कलमाचे मोल मराठवाड्यात विशेष आहे. दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधल्या महिन्यांत मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यातील फडावर, अशी स्थिती होते. त्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. परंतु पालकाला त्याचे नावही ठाऊक नसते. उचल घेण्यापूर्वी आणि परतल्यावर हेच पालक किराण्याच्या दुकानात हिशेब करायला येतात. मुलाच्या नावाची चौकशी करायला याहून योग्य जागा नाही.

धार्मिक बाबतीतील नियमही स्पष्ट आहे. संपूर्णपणे शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या शाळेत कोणतेही धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल तर मुलाला पालकाच्या संमतीवाचून त्यात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. मात्र सर्व धर्मांची माहिती अभ्यासक्रमात असण्यास हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटले आहे.

अर्ज, पोच आणि खंडपीठ

हक्काची मागणी तोंडी केली की ती विनंती ठरते. लेखी केली की तिला उत्तर द्यावे लागते. पहिला अर्ज मुख्याध्यापकाकडे द्यावा. त्यावर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. नंतर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि जालना जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी यांच्याकडे जाता येते. कायद्यानुसार तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत करावयाचा असतो. त्यावर समाधान न झाल्यास महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेक प्रश्न या समितीच्या एका ठरावानेच सुटू शकतात.

त्यापुढे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. जालना जिल्ह्यासाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. न्यायालय कधी स्वतःहूनही लक्ष घालते. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून पायी चालत शाळेत जात. ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि शासनाला जाब विचारला. त्या मुलींनी वकील दिला नव्हता. त्यांची हकिकत कोणीतरी लिहिली होती. गावागावांत लिहिणारा माणूस लागतो तो यासाठी.

समाजाच्या शाळा आणि समाजाची दुकाने

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा दिला. अनुच्छेद ३० प्रमाणे आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा समाजाचा हक्क त्यामुळे बळकट झाला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात निर्णय दिला की, शिक्षण हक्काचा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही. अनेक विश्वस्तांना हा दिलासा वाटला, कारण २५ टक्के जागांचे बंधन गेले. त्याची दुसरी बाजू क्वचितच चर्चिली गेली. वर सांगितलेली चाचणीबंदी, हकालपट्टीबंदी आणि शिक्षाबंदी ही कलमेही त्या कायद्यातीलच आहेत. म्हणजे समाजाच्या शाळेत शिकणाऱ्या जैन मुलालासुद्धा या कायद्याचा आधार उरत नाही. त्याला इतर कायद्यांकडे पाहावे लागते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातील एका संस्थेच्या प्रकरणात प्रमती निकालाच्या बरोबरपणाविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालय पुढे काय ठरवील ते ठरवो; विश्वस्तांनी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जैन परंपरेने चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. कायद्याने सूट दिली म्हणून ज्ञानदानाचे कर्तव्य सुटत नाही. पहिलीच्या काही जागा गावातील गरीब मुलांसाठी स्वेच्छेने राखणे आणि छडी व अपमान यांना आपल्या नियमावलीतच बंदी घालणे, हे एका ठरावाचे काम आहे. पहिले ज्ञानदान, दुसरे अभयदान.

या मार्गाचा आदर्श समाजाच्या इतिहासातच आहे. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि त्यावरून त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. एका वसतिगृहाचे दार त्यांना बंद झाले. त्यांनी मात्र हजारो मुलांसाठी दारे उघडली.

याच न्यायाने समाजाच्या शाळेतील प्रार्थनेचाही विचार व्हावा. तेथे णमोकार मंत्र होतो, ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु अन्य धर्मीय मूल तेथे शिकत असेल तर त्याच्या पालकाची लेखी संमती प्रवेशअर्जातच घ्यावी, आणि ती नसेल तर मुलाला मोकळे ठेवावे. आपले मूल दुसऱ्याच्या शाळेत असताना जे संरक्षण हवे, ते दुसऱ्याच्या मुलाला आपल्या शाळेत मिळालेच पाहिजे.

शालेय पोषण आहारातील अंड्याचा वादही या कसोटीवर पाहता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळी वा फळ देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय खर्च थांबविला. अहिंसेचा उपदेश करण्याचे स्वातंत्र्य समाजाला आहेच. जैन मुलाच्या ताटात अंडे येऊ नये, त्याला वेगळे भांडे व पर्याय मिळावा, ही मागणी हक्काची आहे. शेजारच्या मुलाच्या ताटात काय असावे, हा मात्र त्या मुलाच्या पालकाचा अधिकार आहे. तेथे मन वळविता येते, मनाई मागणे हक्काच्या भाषेत बसत नाही. प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठी शाळेला शेंगदाणे, गूळ, कडधान्ये आणि दूध पुरविणारी पेढी अहिंसेचा प्रचार अधिक परिणामकारकपणे करील.

शेवटची बाब दुकानाची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरच्या मुलाने शाळेच्या वेळेबाहेर दुकानात हात लावणे यात येत नाही. परंतु ‘त्याच्या घरी गरिबी आहे, म्हणून ठेवला’ हा खुलासा कायद्याला चालत नाही आणि धर्मालाही चालू नये. अशा घराला मदत करावयाची असेल तर बापाला किंवा आईला काम द्यावे, आणि मुलाला वही द्यावी.

यंदा पर्युषणात व दशलक्षण पर्वात शिक्षण निधीची घोषणा होईल, तेव्हा प्रत्येक गावातील संघाने दोन माणसांची नावे नक्की करावीत: एक, जो जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन पटावरची पण वर्गात नसलेली मुले कोण ते विचारील, आणि दुसरा, जो त्यांच्या पालकांचे अर्ज शुद्ध मराठीत लिहून देईल व पोच फाइलला लावील. या कामाला निधी जवळजवळ लागत नाही. पेन, कागद आणि आठवड्यातून एक दुपार पुरते.